दोर चढलेला असेपर्यंत

५ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

आशीर्वाद. ते फुकट असतात म्हणून भरपूर पाठवते.

तुझं पुस्तक पोस्टाने मिळालं. ‘कमी खर्चात, गर्दीपासून लांब’. जाऊबाईंनी ते चष्मा पुसून पुसून अख्खं वाचलं आणि मला विचारलं, “ही पोरगी एवढी हिंडते, हिचे पाय कसे दुखत नाहीत?” मी म्हटलं, पायाला भिंगरी लागलेल्यांचे पाय दुखत नाहीत, घरच्यांची डोकी दुखतात.

पुस्तक छानच आहे. एका पानावर तू अशा तळ्याबद्दल लिहिलंयस जिथे बदकंसुद्धा येत नाहीत, आणि तेच म्हणे तिथलं सुख. पुढे एक बंद पडलेलं रेल्वे स्टेशन आहे, तिथे वेटिंग रूममध्ये झोपायला मिळतं. हे वाचून मला वाटलं, अरेच्चा, अशा जागा चालतात होय! मग आम्हीच तुझं काय घोडं मारलंय?

तर मुद्द्यावर येते. पुढच्या आवृत्तीत आमची गल्ली घाल. आतोबा गेल्यापासून वरच्या दोन्ही खोल्यांत जुन्या दोरांची वेटोळी पडून होती, ती मी काढली. भिंतींना रंग दिला. रंग जरा जास्तच पिवळा झालाय, पण त्यामुळे सकाळी दिवा लावावा लागत नाही. खिडकी गल्लीवर उघडते. सकाळी चहा, अंडी आणि पाव मिळेल. भाडं तू ठरव, बाजार तुला कळतो. पण स्वस्त ठेव. महाग ठेवलंस तर आरामाला आलेली माणसं येतील, आणि ती मला नकोत.

दादाला यातलं काही सांगू नकोस. तुझा बाप माझा मोठा भाऊ असला तरी त्याचं प्रत्येक वाक्य ‘आता विकून टाक’ इथेच संपतं.

तुझी,
आत्या


१६ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझं पत्र ऑफिसात उघडलं आणि एकटीच हसत बसले. शेजारच्या टेबलावरच्या नकाशेवाल्याने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, माझी आत्या हॉटेल काढतेय.

पण आत्या, नाही. रागावू नकोस, आधी ऐक.

त्या तळ्याचं काय झालं माहीत आहे? पुस्तक आलं, त्याच्या पुढच्याच वर्षी मी पुन्हा तिथे गेले. काठावर भाड्याच्या होड्या, होड्यांना हंसाची डोकी, आणि पूर्वी तिथे पाव भाजणारी बाई पाव सोडून तळ्याची चित्रं असलेले कप विकत होती. मला ओळखून तिने एक कप भेट दिला. तो माझ्या टेबलावर आहे, त्यात पेनं ठेवते, आणि रोज सकाळी स्वतःला शिव्या घालते.

मी ज्या जागांबद्दल लिहिते त्या मी खर्च करते. तुमची गल्ली मला खर्च करायची नाही. माझ्या सगळ्या सुट्ट्या तुझ्या दाराच्या पायरीवर गेल्या. चाकाची घरघर, तागाचा तो धुळकट वास, आणि आतोबा दोर वळताना उलटे चालत चालत लांब जाऊन अगदी छोटे दिसायला लागायचे ते. मी रोज म्हणायचे, आत्या, मला टोक धरू दे. तू रोज म्हणायचीस, हात लहान आहेत तुझे, बस तिथेच. जगात एक तरी जागा असू दे जी फक्त माझ्या डोक्यात आहे. ती मी जपून ठेवलीय.

शिवाय, वाईट वाटून घेऊ नकोस, पण लोक तिथे येऊन पाहणार काय? एक सरळ गल्ली. ना डोंगर, ना पाणी.

तुला अडचण आहे का? पैशांची असेल तर मोकळेपणाने सांग. मी महिन्याला थोडे पाठवू शकते.

तुझी,
भिंगरी


२२ फेब्रुवारी

भिंगरे,

जपून ठेवायला आम्ही काय ट्रंकेतले लोकरी कपडे आहोत? डांबराच्या गोळ्या घालून झाकण लावलंस, आणि वर्षातून एकदा उघडून वास घेणार! तुझ्या डोक्यात गल्ली आहे ती आहे, पण मी राहते ती गल्ली डोक्याबाहेर आहे. तिच्यात आम्ही म्हाताऱ्या झालो, हे तुला कुणी कळवलेलं दिसत नाही.

पैसे पाठवलेस तर परत पाठवीन, आणि वर पोस्टाचा खर्च तुझ्याकडून घेईन.

आणि पाहण्यासारखं काय, असं विचारतेस? विसरली असशील तर सांगते. चाकावर एक माणूस लागतो. टोक घेऊन उलटं चालत जायला एक. आणि मधे खाचांचं लाकूड घेऊन एक, तिन्ही पेड वेगळे ठेवायला. तिघांनी एकमेकांकडे न बघता एकमेकांचा वेग ओळखायचा. तुझ्या त्या बंद स्टेशनात यापेक्षा काय मोठं घडतं? झोपलेल्या माणसाच्या तोंडावरून झुरळ जात असेल, फार तर.

पूर्वी आम्ही अकरा जण होतो. आता मी, जाऊबाई आणि लंबू. लंबूला तू ओळखतेस, तोच, ज्याच्या खांद्यावर बसून तू पत्र्यावर गेलेला चेंडू काढायचीस. तो आता वाकलाय, तेव्हा नुसतं ‘बू’ म्हणायला हरकत नाही.

नियम मात्र तोच आहे. दोर चढलेला, म्हणजे चाकाला लावून ताणलेला, असेपर्यंत गल्ली कुणी ओलांडायची नाही. कुणाचा पाय लागून पेड सुटला तर चाकाचा आकडा उडतो आणि माणसाचा डोळा घेऊन जातो, म्हणून हा नियम. नवरदेव थांबलेत, डॉक्टर थांबलेत. समोरचा सलूनवाला अजून रोज बोंबलतो, की गिऱ्हाईक पलीकडे उभं राहून राहून दाढी वाढवून घेतं. बोंबलतो, पण थांबतो.

तू आम्हाला पुस्तकात घालणार आहेस की नाही, एका शब्दात कळव.

आत्या


११ मार्च

प्रिय आत्या,

बरं.

हा झाला एक शब्द. आता बाकीचे.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. मग संपादकबाईंपुढे तुमची गल्ली ठेवली. आमचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट कायम बंद, त्यामुळे बाई वर येईपर्यंत त्यांना दम लागलेला असतो आणि त्या कशालाही हो म्हणतात. तीच वेळ मी गाठली. शेवटच्या भागात अर्धं पान मिळेल.

पण त्यांची एक अट आहे. पाहुण्यांना गल्लीत अडवून ठेवायचं नाही. त्यांचं म्हणणं, पैसे देऊन आलेला माणूस रस्त्याच्या कडेला कशाला उभा राहील? पाहुणे असतील तेव्हा काम थोडं आवरतं घेता येईल का? सकाळी एक दोर करून दाखवायचा, लोक फोटो काढतील, मग गल्ली मोकळी. तुम्हालाही विश्रांती.

दुसरं. काल बाबांकडे गेले होते. तुझं नाव निघालं तर त्यांच्या तोंडून सुटलं, की नगरपालिकेचा माणूस त्यांच्याकडेही येऊन गेला, ‘तुमच्या बहिणीला समजवा’ म्हणून. कसला माणूस? कसलं समजवायचं? बाबांनी लगेच विषय बदलून टीव्ही लावला. तू मला खोल्यांच्या रंगापर्यंत सगळं लिहितेस आणि हे लिहीत नाहीस. आत्या, तुला पाहुणे खरंच कशासाठी हवेत?

भिंगरी


१७ मार्च

चि. भिंगरी,

दादाच्या पोटात काही राहत नाही, लहानपणी माझी चोरलेली बोरंसुद्धा राहिली नव्हती.

ऐक तर. गल्लीच्या एका बाजूला नवं बस स्टँड झालंय आणि दुसऱ्या बाजूला नवं मोठं हॉटेल. मधे आम्ही. बसमधून उतरलेल्या माणसाला हॉटेलात जायला वळसा पडतो, म्हणून गल्लीच्या बरोबर मधून आडवा रस्ता काढायचा घाट घातलाय. आमचं घर जात नाही, दार जात नाही, भिंतीचा कोपरासुद्धा जात नाही. नगरपालिकेचे रस्तेसाहेब हेच समजावतात, “बाई, तुमचं काहीच जात नाही.” अरे, दोराला सलग लांबी लागते! मधून गाड्या जायला लागल्या की राहतील दोन तुकडे. त्यात काय वळू, बुटाच्या नाड्या?

सभा झाली तिथे मी उभी राहून हे सगळं बोलले. साहेब हसले. ते जेव्हा मोजणीला आले होते तेव्हा लंबू आजारी होता आणि गल्ली रिकामी होती. त्यांना वाटलं आम्ही महिन्या दोन महिन्यांतून एखादा दोर करतो, हौसेखातर. भरसभेत म्हणाले, “ठीक आहे. ज्या दिवशी गल्लीत दोर चढलेला असेल त्या दिवशी माझं खोदायचं यंत्र आत येणार नाही. हा माझा शब्द.” लोक हसले. मी नाही हसले. मी म्हटलं, “साहेब, सगळ्यांनी ऐकलंय हं.”

तेव्हापासून एकही दिवस आम्ही गल्ली रिकामी ठेवलेली नाही. त्यांचं यंत्र गल्लीच्या तोंडाशी येऊन उभं आहे, पिवळं धमक, माझ्या खोल्यांच्या रंगाचंच. साहेब सकाळी येतात, डोकावतात, दोर दिसला की जातात. शब्दाचा माणूस आहे, एवढं मान्य करते. पण ते वाट बघतायत. तिघांतला एक आडवा पडला की संपलं. जाऊबाईंचा गुडघा सुजतो. लंबूला दिसत कमी. आणि कामाला माणूस मिळत नाही, कारण हा धंदा मरणार हे सगळ्या गावाने आधीच ठरवून टाकलंय.

म्हणून पाहुणे. मला बघणारी माणसं नकोत गं, मला हात हवेत. स्वस्तात खोली देते, बदल्यात दिवसातला थोडा वेळ टोक धरा. विश्रांती कसली देतेस मला? मी थांबले की रस्ता झाला.

तुझ्या संपादकबाईंना सांग, गल्लीचा नियम जसा आहे तसा छापायचा, नाहीतर आमचं पान कोरं सोडा.

मी गल्ली देणार नाही. एवढंच.

आत्या


३० एप्रिल

आत्या,

पुस्तक छापून आलं. तुमच्या पानावरचा मजकूर उतरवून देते, कारण पार्सल पोचायला उशीर होईल:

‘इथे पाहण्यासारखं काही नाही. एक लांब सरळ गल्ली आहे आणि तिच्यात दोर वळतात. दोर चढलेला असेपर्यंत तुम्हाला गल्ली ओलांडता येणार नाही, तुम्ही कुणीही असलात तरी. घाई असेल तर दुसरं पान उघडा. खोल्या स्वच्छ, फार पिवळ्या. भाडं या पुस्तकात सगळ्यांत कमी, कारण तुम्हाला काम करावं लागेल. जुने कपडे आणा. टोक हातात घेऊन उलटं चालायचं आणि मागे बघायचं नाही. नजर दोरावर ठेवायची, पायांना रस्ता माहीत असतो. मालकीणबाई रागीट आहेत. त्यांचा राग खरा असतो, आणि चहासुद्धा.’

संपादकबाई म्हणाल्या, सुट्टीत मजुरी करायला कोण जाईल? मी म्हटलं, याच पुस्तकात पान उलटलं की माणसं पैसे देऊन उंटावर बसतात आणि आठवडाभर कंबर चोळतात, त्यापेक्षा हे बरं. त्यांनी अर्धा मजकूर कापला. मी तो पुन्हा घातला. त्यांनी पुन्हा कापला. शेवटी छापखान्यात मुद्रितं तपासायला मीच गेले होते, आणि पुढचं काय ते तू समजून घे.

रागीट लिहिलंय म्हणून रागावू नकोस.

तू मला पहिल्याच पत्रात खरं सांगितलं असतंस तर मी नाही म्हटलं नसतं. पण मग मी ‘आत्याला मदत’ म्हणून लिहिलं असतं आणि ते पान रडकं झालं असतं. तुला हे आधीच कळलं होतं का?

भिंगरी


९ जुलै

चि. भिंगरी,

आशीर्वाद.

अक्षर माझं नाही म्हणून दचकू नकोस. माझे हात तेलाने माखलेत, म्हणून दातांच्या डॉक्टरीणबाई लिहितायत. त्या आणि त्यांचे यजमान दुसऱ्यांदा आलेत. दोघांचे हात इतके स्थिर, की दोराची दोन टोकं एकमेकांत गुंफायचं काम मी त्यांनाच देते. यजमान मात्र जाता-येता सगळ्यांचे दात बघतात. लंबूने त्या भीतीने हसणं सोडलंय.

तुझ्या पानाने कमाल केली. मे महिन्यात एकही खोली रिकामी नव्हती. निवृत्त गणिताच्या बाई येऊन गेल्या, त्यांनी चाकाचे फेरे मोजून आम्हाला वेग चुकतो असं सिद्ध करून दाखवलं. जाऊबाई म्हणाल्या, “दोराला सांगा, तो तुमचं ऐकेल.” हिशेबनीस होण्यासाठी शिकणाऱ्या दोन मुली आल्या होत्या, त्यातली एक उलटं चालता चालता पाण्याच्या बादलीत बसली. एका नवराबायकोचं मधल्या लाकडावरून जोरात भांडण झालं आणि त्या दिवसाचा दोर अख्ख्या महिन्यात सगळ्यांत घट्ट झाला.

सगळेच असे नव्हते. एक गृहस्थ पांढरी विजार घालून आले. भर कामात फोटो काढायला त्यांनी टोक सोडलं. पेड उसळून सगळा गुंता झाला. नशीब, डोळे वाचले. मी काय बोलले ते डॉक्टरीणबाई लिहायला तयार नाहीत. ते गृहस्थ त्याच दुपारी बॅग घेऊन हॉटेलात गेले, आणि तेही वळसा घालून, कारण तोवर आम्ही नवा दोर चढवला होता.

रस्तेसाहेब अजून रोज येतात. यंत्राच्या चाकांना गवत गुंडाळलंय.

हल्ली मात्र खोल्या रिकाम्या पडायला लागल्यात. शाळा उघडल्या. पुढच्या आठवड्यात कोण आहे ते बघायला हवं. तसं काळजीचं काही नाही. सगळं ठीक आहे.

आत्या


१८ जुलै

आत्या,

सगळं ठीक नाहीये.

तू उभ्या आयुष्यात कुणाकडून पत्र लिहून घेतलेलं नाहीस. तेलकट हातांनी लिहिलेली तुझी कितीतरी पत्रं माझ्याकडे आहेत, काहींचा कागद इतका पारदर्शक झालाय की आरपार दिसतं. आणि जे पत्र ‘सगळं ठीक आहे’वर संपतं ते तुझं नसतं. म्हणून मी दातांच्या दवाखान्यातून नंबर मिळवला आणि डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्यांनी आधी टाळाटाळ केली, मग सांगितलं. तू टोक घेऊन उलटी चालत होतीस. कुणीतरी यंत्र चालतं की नाही बघायला ते सुरू केलं, भोंगा वाजवला, आणि तू मागे वळून बघितलंस. जिने आम्हाला सगळ्यांना बजावलं, मागे बघायचं नाही, तिने. मनगट मोडलंय, प्लॅस्टर आहे. आणि मंगळवारी ते दोघंही निघणार आहेत.

आता माझं. पांढऱ्या विजारीवाल्यांनी ऑफिसात लांबलचक तक्रार पाठवली. त्याच आठवड्यात तुमच्या गावच्या त्या हॉटेलची जाहिरात आली, पुस्तकाच्या मागच्या कव्हरसाठी. संपादकबाईंनी मला बोलावून सांगितलं, पुढच्या छपाईत गल्लीचं पान काढायचं, तिथे हॉटेल घालायचं. त्या वाईट नाहीत गं. लिफ्ट दुरुस्त करायलासुद्धा त्यांच्याकडे पैसे नाहीत. पण मी म्हटलं, ते पान निघालं तर आतल्या प्रत्येक पानावरून माझं नाव काढा. त्या म्हणाल्या, विचार करून बोल. मी म्हटलं, विचार करून बोलले असते तर यापेक्षा जास्त बोलले असते.

हंसवाल्या तळ्याचा कप मी नकाशेवाल्याला देऊन टाकला. टेबल रिकामं आहे.

बाबांनाही सांगून आले. ते म्हणाले, “तीही वेडी, तूही वेडी.” मग दारापर्यंत आले आणि विचारलं, “जायला बस किती वाजता आहे?” माझ्यासाठीच विचारलं असावं. नक्की सांगता येत नाही.

सामान बांधायचं आहे, खोली सोडायची आहे, काहीही केलं तरी मी गुरुवारच्या आधी पोचू शकत नाही. बुधवार मधे येतोय. बुधवारी तुमच्याकडे जाऊबाई आणि लंबू, दोनच माणसं. रात्रंदिवस तेच डोक्यात आहे. बुधवारचं काय करणार आहेस?

भिंगरी


२४ जुलै, गुरुवार

भिंगरे,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. बस स्टँडवरच्या पेपरवाल्याकडे देऊन ठेवलंय, तो तुला ओळखेल. मी सांगितलंय, जी बाई बसमधून उतरून चारी दिशांना एकदम बघेल ती. डाव्या हाताने लिहितेय. वाचता येत नसेल तर कुणालाही विचारू नकोस, स्वतः लाव.

न्यायला मी येऊ शकत नाही. दोर चढलाय.

आता बुधवारचं ऐक. मंगळवारी डॉक्टरीणबाई गेल्या, रडत. बुधवारी सकाळी आम्ही तिघं गल्लीत उभे राहिलो. जाऊबाई चाकावर, लंबू लाकडापाशी, आणि टोक जमिनीवर. मी डाव्या हाताने उचललं, पण एका हाताने ताण धरवेना. दोनदा सुटलं. रस्तेसाहेब आले. त्यांनी डोकावलं, टोक जमिनीवर बघितलं, आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, “बाई, आज दोर नाही.” त्यांनाही काही आनंद झाला नव्हता, खोटं कशाला बोलू. यंत्र सुरू झालं. गवत तुटल्याचा आवाज आला.

आणि समोरून सलूनवाला बाहेर आला. तोच. रस्ता व्हावा म्हणून सभेत सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवणारा. आत खुर्चीत गिऱ्हाईक, अर्धा गाल साबणाने पांढरा. हा आला, मला बाजूला सारलं आणि टोक उचललं. म्हणाला, “किती घट्ट धरायचं?”

जाऊबाई ओरडल्या, “वस्तरा धरतोस त्याच्या दुप्पट!”

चाक फिरलं. तो गधडा सरळ चालायला लागला! आयुष्यभर आमच्या समोर राहून त्याला कळलं नव्हतं की उलटं चालायचं असतं, कारण तो बघतच नव्हता, नुसता चिडत होता. लंबूने त्याला खांद्याला धरून फिरवला. मग औषधाच्या दुकानातली बाई आली, इस्त्रीवाला आला, अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईकही आलं. कुणाला काही येत नव्हतं. सगळे एकमेकांच्या पायावर पाय देत होते आणि एकमेकांना शिकवत होते.

असा भिकार दोर मी जन्मात पाहिला नाही. कुठे जाड, कुठे बारीक. साहेबांनी विचारलं, “हा काय दोर आहे?” मी म्हटलं, “साहेब, चांगला दोर असेल तरच थांबेन, असा शब्द तुम्ही दिला नव्हता.”

यंत्र थांबलं. ते चालवणारा खाली उतरला आणि त्याने भिंतीच्या कडेची जागा धरली, जशी आमच्याकडे सगळे धरतात.

साहेब मला म्हणाले, “असं किती दिवस चालवणार?” मी म्हटलं, “ज्यांच्या खिशात पैसे कमी आणि सुट्टीला जायची हौस मोठी, अशी माणसं ज्या दिवशी जगात संपतील, त्या दिवशी या.” गेले. उद्या पुन्हा येतील. येऊ देत.

दुपारी मी सलूनवाल्याला विचारलं, का रे बाबा? तू तर रस्त्याच्या बाजूचा. तो म्हणाला, “मी जन्मभर थांबलो. माझ्या लग्नाच्या दिवशी थांबलो. आणि हे उपटसुंभ एका सकाळी न थांबता ओलांडून जाणार? मग मी थांबलो ते काय, मूर्ख म्हणून?” आणि माझ्यावरच चिडून निघून गेला. त्याच्यावर मला इतकी माया येईल असं कधी वाटलं नव्हतं.

आज सकाळी तो पुन्हा आलाय. पण त्याला दुकान आहे, तो काही रोज येणार नाही. तुझं पान ते काढतील तर काढू देत. दुसरं पान लिही, भिंतीवर लिही, बसच्या पाठीवर लिही. ते तुझं काम. दोर माझं.

आता नीट वाच. स्टँडवरून सरळ ये. गल्लीच्या तोंडाशी बॅग खाली ठेव आणि थांब. दादा बरोबर असेल तर त्यालाही थांबव, आणि सांग की इथे ‘विकून टाक’ म्हणणाऱ्याला चहा मिळत नाही. मी प्लॅस्टरचा हात वर करीन. मग भिंतीच्या कडेने ये. माझ्याकडे येऊ नकोस, गळाबिळा नंतर. सलूनवाल्यापाशी जा आणि त्याच्या हातातलं टोक घे. त्याचं गिऱ्हाईक खोळंबलंय.

लहान होतीस तेव्हा रोज मागायचीस आणि मी रोज नाही म्हणायचे.

हात मोठे झालेत तुझे. घट्ट धर, आणि मागे बघू नकोस. मागे मी आहे.

आत्या